पैसे भरून टांगलेली चित्रं : एका 'राष्ट्रीय' प्रदर्शनाचा हिशेब

माझ्या कपाटावर एक ट्रॉफी आहे. लांबून पितळेची वाटते, उचलली की प्लॅस्टिक. खालच्या पट्टीवर माझं नाव आहे आणि नावाआधी 'श्री.' छापलंय. मी बाई आहे. चूक त्यांची एकट्याची नाही म्हणा. कोल्हापूरच्या आम्ही कितीतरी बायका बोलताना 'आलो', 'गेलो', 'देतो' असंच बोलतो, आणि आयोजकांशी माझं सगळं बोलणं फोनवर झालं होतं. 'चित्रं शनिवारी घेऊन येतो' म्हटलं आणि त्यांनी मला सर करून टाकलं. फॉर्मवर 'स्त्री'च्या चौकटीत मी खूण केली होती. पण तो फॉर्म कोणी उघडला असेल असं आता वाटत नाही.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. एकाला धरून बडवण्यात अर्थ नाही, कारण याच नमुन्याच्या जाहिराती माझ्या फोनवर आठवड्याला दोन तरी येतात. 'नवोदित चित्रकारांसाठी सुवर्णसंधी. राष्ट्रीय समूह प्रदर्शन. मोजक्याच जागा शिल्लक.' मी गेल्या हिवाळ्यात यातल्या एका संधीला पैसे भरले, मुंबईत पाच दिवस दोन चित्रं टांगली आणि परत आले. कोणी भरायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा.

मी हायस्कूलला चित्रकला शिकवते. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालंय, वय ३१. जलरंग हेच माझं काम. गेली तीन वर्षं गुऱ्हाळं रंगवतेय : काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई), चुलवाण (तिच्याखालची, रस काढून उरलेली चिपाडं जाळायची चूल), वर चढणारी वाफ, त्या वाफेत अर्धा दिसणारा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा. जलरंगात वाफ रंगवायची नसते, कागद कोरा सोडून द्यायचा असतो. ते सोडणं जमायला मला दोन हंगाम लागले. आमच्याकडे गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात आणि उन्हं कडक होईपर्यंत चालतात, त्यामुळे वर्षातले चार-पाच महिनेच समोर बसून काम होतं. उरलेल्या दिवसांत स्केचबुक आणि आठवण.

दोन नावाजलेल्या प्रदर्शनांतून माझी चित्रं परत आली होती. निवड समितीने नाकारली. वाईट वाटलं, पण नाकारण्याइतकं कोणी पाहिलं तरी, एवढं समाधान होतं. तिसऱ्या वेळी ही जाहिरात आली. रात्री साडेनऊला फोटो पाठवले आणि दहा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं : 'अभिनंदन! आमच्या ज्युरींनी आपल्या दोन्ही कलाकृतींची निवड केली आहे.' चाळीस मिनिटं. ज्युरी कुठे जेवायला एकत्र बसले होते की काय कोण जाणे. तेव्हा मात्र असा विचार आला नाही. मी उठून आईला सांगितलं. आई म्हणाली, 'किती भरायचं?' बाईला व्यवहार पहिल्यापासून कळतो.

तर किती भरायचं, ते सांगते. प्रवेश शुल्क ५०० रुपये, परत मिळणार नाही. एका चित्राचे ६,५००, दोन असतील तर ११,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,९८०. (पावती आली त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. विचारलं तर 'अकाउंटवाले पाठवतील' म्हणाले. अकाउंटवाले अजून पाठवताहेत.) विक्री झाली तर ३० टक्के कमिशन. यात काय मिळणार, तर भिंत, कॅटलॉगची एक प्रत, प्रमाणपत्र आणि ट्रॉफी. ३,००० जादा भरले तर 'विशेष श्रेणीत' पुरस्कार. मी ते नाही भरले. तेवढी अक्कल शिल्लक होती.

मग पुढचा खर्च सुरू झाला, जो जाहिरातीत नसतो. काच चालणार नाही, ॲक्रिलिक शीटच हवी, अशी अट होती. ती अट बरोबर आहे. प्रवासात काच फुटली तर तुकडे थेट कागद फाडतात. पण ॲक्रिलिक काचेपेक्षा महाग पडतं आणि त्याला ओरखडे पटकन येतात. लक्ष्मीपुरीत मी ज्यांच्याकडे फ्रेम करते ते काका जुने आहेत, देवाच्या तसबिरी करत करत चित्रकारांच्या फ्रेमा करायला लागले. त्यांनी पांढरा माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, चारी बाजूंनी तीन इंच ठेवला, मागे जाड बॅकिंग घातलं, आणि म्हणाले, 'पोरी, फ्रेम एवढी करायलीस, चित्र विकलं जाणार का?' मी म्हटलं, 'राष्ट्रीय आहे काका.' त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दोन फ्रेमांचे ५,२०० झाले.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालो, मी आणि धाकटा भाऊ. पंधरा बाय बावीस इंचांचा कागद, माउंट आणि फ्रेम धरून एकेक नग चांगला मोठा झाला होता. सीटखाली जाईना. शेवटी दोन्ही चित्रं वरच्या बर्थवर चादरीत गुंडाळून झोपवली आणि आम्ही दोघं एका बर्थवर बसून राहिलो. मिरज गेलं, सातारा गेलं, झोप काही लागली नाही. भाऊ म्हणाला, 'ताई, तिकीट चित्रांचं काढलंय की आपलं?'

दालन छान होतं, हे आधी सांगते. भाड्याने मिळणारं, दक्षिण मुंबईतलं, पांढऱ्या भिंती, वर रुळांवर सरकणारे पिवळसर दिवे. माझं चित्र इतक्या चांगल्या उजेडात मी स्वतःसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. घरी ट्यूबलाइटखाली जो करडा मेलेला वाटायचा, तो तिथे निळसर निघाला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना अर्धा गुण देते आणि मनापासून देते.

पण भिंत किती आणि चित्रं किती! आम्ही ६२ जण होतो. मोजायला सुरुवात केली ती १३० च्या पुढे सोडून दिली. चित्रं दोन रांगांत, एकावर एक, मध्ये चार बोटं जागा. पुतळा, गणपती, घोडे, बुद्ध, पुन्हा घोडे, ॲक्रिलिकमधला समुद्र, मग माझी काहील, मग पुन्हा बुद्ध. माझं एक चित्र वरच्या रांगेत, मान वर करून पाहावं लागेल अशा जागी. दुसरं चहाच्या टेबलामागे. त्याखालच्या चिठ्ठीवर शीर्षक होतं 'काही उतरवताना'. माझं शीर्षक 'काहील उतरवताना' असं होतं. एक 'ल' गेला आणि गुळाच्या चित्राचं तत्त्वज्ञान झालं. एका बाईंनी खरोखर मला विचारलंही, यातून तुम्हाला मनावरचं ओझं सुचवायचंय का? मी म्हटलं, काहीलभर रसाचं सुचवायचंय.

माध्यमाच्या जागी 'ॲक्रिलिक' लिहिलं होतं. बहुधा फॉर्मवर 'ॲक्रिलिक शीटसह' असं मीच लिहिलेलं त्यांनी अर्धं वाचलं असावं. जलरंगाच्या चित्राखाली ॲक्रिलिक वाचून मला जे झालं ते जलरंगवाल्यांनाच कळेल. माझ्याकडच्या पेनाने मी खोडून लिहिलं.

उद्घाटनाला पाहुणे दोन तास उशिरा आले. दिवा लावला. मग प्रत्येक सहभागी चित्रकाराबरोबर, प्रत्येकाच्या ट्रॉफीसह, एकेक फोटो. ६२ फोटो. फोटो चांगला यावा म्हणून सगळे चित्रांकडे पाठ करून उभे. संध्याकाळभर मी पाहत होते, त्या दालनात चित्रांकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस क्वचितच दिसला. प्रत्येकाला कुठलं ना कुठलं रत्न किंवा भूषण मिळालं. माझ्या शेजारी अमरावतीचे एक निवृत्त काका होते, पहिल्यांदाच प्रदर्शनात आले होते, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांच्याकडे बघून मला हसू येईना. त्यांना ते खरंच हवं होतं आणि खरंच मिळालं. म्हणून मी या सेवेला सरळ फसवणूक म्हणणार नाही. ते भिंत विकतात आणि भिंत देतात. फक्त तिच्यावर 'निवड' असं लिहून विकतात.

दुसऱ्या दिवसापासून कोण येतं ते बघायला थांबले. आत्याकडे डोंबिवलीला मुक्काम होता, रोज लोकलने ये-जा. सकाळी अकराला दालन उघडायचं. दुपारपर्यंत आम्ही चित्रकारच एकमेकांची चित्रं पाहायचो. मग चित्रकारांचे नातेवाईक यायचे. संध्याकाळी ऑफिस सुटलेली चारदोन माणसं, त्यातली दोन एसीसाठी. आयोजक म्हणाले होते 'संग्राहक आणि गॅलरीवाले येतात'. मी दिसेल त्या नीटनेटक्या माणसाला संग्राहक समजून उभी राहायचे. एकजण आला, बराच वेळ माझ्या चित्रापुढे थांबला. मी जवळ गेले. त्याने विचारलं, फ्रेम कुठून केली? लक्ष्मीपुरीतल्या काकांचा नंबर दिला.

चित्राकडे नीट पाहणारा पहिला माणूस दालनाचा वॉचमन निघाला. शाहूवाडीकडचा, पन्नाशीचा, वीस वर्षं मुंबईत. तिसऱ्या दिवशी दुपारी कोणी नव्हतं तेव्हा चहाच्या टेबलामागे वाकून बघत होता. म्हणाला, 'ही काहील उतरवायची येळ आली म्हनता, मग जाळ घालनारा कुटं हाय?' मी म्हटलं, तो चौकटीबाहेर आहे. म्हणाला, 'त्यो भाईर कसा? जाळ कमी कराय लागतोय की त्या वक्ताला. त्यो नसला तर गूळ लागला तुमचा.' मी चित्राकडे पाहिलं. खरंच. काहील उतरवायची म्हणून चार माणसं दांड्याला लागलीत, गुळव्या वाफेत उभा आहे, आणि खाली चुलवाणात मी भगभगीत केशरी जाळ दाखवलाय, कारण मला तिथं केशरी हवा होता. चाळीस मिनिटांच्या ज्युरीला हे दिसलं नाही. मलाही तीन वर्षांत दिसलं नव्हतं.

त्याच पाच दिवसांत एक नागपूरची बाई भेटली, वुडकट करते, म्हणजे लाकडावर कोरून छापचित्रं काढते, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायला लागले. ही तिची तिसरी खेप होती. मी विचारलं, कळतं तर मग पुन्हा पैसे का भरता? म्हणाली, नवऱ्याला आणि सासऱ्यांना 'मुंबईत प्रदर्शन' एवढंच कळतं, त्यावर मला वर्षभर घरात काम करू देतात. याच्यावर काय बोलणार? पण तिने मला अर्ध्या तासात जे सांगितलं ते मला ए.टी.डी.च्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तेच इथे उतरवते.

पैसे कशाचे घेतात ते बघ, म्हणाली. प्रवेश शुल्क घेणं वाईट नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला देशभरातून चित्रं जातात, निवड होते आणि बरीचशी परत येतात. तिथे तू पैसे भरतेस ते कोणीतरी बघावं म्हणून. निवड झाली की भिंतीचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. जिथे निवड फुकट आणि भिंत विकत, तिथे समजून जा. दुसरं, निवड समितीत कोण आहे ते आधी छापलंय का? आमच्या जाहिरातीत 'नामवंत ज्युरी' असं होतं, नावं नव्हती. तिसरं, दालन कोणाचं? नामांकित इमारतीतलं दालन भाड्याने घेतलं म्हणजे त्या गॅलरीने तुला निवडलं असं होत नाही. बायोडाटात ते तसं वाचलं जातं खरं, पण ज्याला कळतं तो हसतो.

राज्य कला प्रदर्शन मला माहीत होतं. कला संचालनालय दरवर्षी भरवतं, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि व्यावसायिक कलाकारांचा वेगळा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे फॉर्म मी ज्या संचालनालयाकडे पाठवते तेच हे, तरी स्वतःसाठी मी तिथे चित्र कधी पाठवलं नव्हतं. पोरांचे फॉर्म भरता भरता आपला राहून जातो. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन असतं, १९५४ ची संस्था. आमच्या पत्रिकेवरचा 'राष्ट्रीय' हा शब्द असल्या ठिकाणी शोभतो.

आणि शिष्यवृत्ती! केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. नाच-गाण्याबरोबर चित्र-शिल्पालाही मिळते. मी पंचविशीच्या आत होते तेव्हा दसरा चौकात मैत्रिणींबरोबर चहा पीत बसायचे आणि मला पत्ता नव्हता. आता माझ्या वयाला ज्युनियर फेलोशिप उरली आहे, २५ ते ४० साठी, महिना १०,००० रुपये, तीही दोन वर्षं. तिला नुसती चित्रं पाठवून चालत नाही, एक विषय घेऊन काय काम करणार ते लिहून द्यावं लागतं. ताई म्हणाली, तुझी गुऱ्हाळं आहेतच की, लिही. एवढ्या एका वाक्यासाठी दुसरा अर्धा गुण द्यायला हवा, पण तो ताईचा आहे, आयोजकांना कसा देऊ?

चौथ्या दिवशी दुपारी मी पळून जहांगीर आर्ट गॅलरीला गेले. काळा घोडा, १९५२ पासूनचं. आत जायला तिकीट नाही, कोणीही शिरावं. मंगळवार ते सोमवार अशी एकेका आठवड्याची प्रदर्शनं, आणि तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. भाडं त्यांनाही द्यावं लागतंच, फुकट काही नाही. पण आधी तुमचं काम बघून अर्ज मंजूर व्हावा लागतो. मला आतल्यापेक्षा बाहेरचा फूटपाथ आवडला. तिथे चित्रकार ओळीने चित्रं लावून बसतात. येणारा-जाणारा थांबतो, भाव विचारतो, पोरगं ओढून नेतं. एक पोरगा पेन्सिलने समोर बसलेल्याचं तोंड काढत होता. त्याच्याभोवती पंधरा माणसं होती. आमच्या दालनात पाच दिवसांत एकावेळी एवढी जमली नव्हती.

आणि मग मला आमचं शाहू स्मारक आठवलं. मुंबईच्या आधी दोन वर्षं आम्ही चौघांनी दसरा चौकात, शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शन भरवलं होतं. तेव्हा मी त्याला 'गावातलं' म्हणून कमी लेखत होते. तिथे काय होतं सांगू? वर सभागृहात कोणाचं तरी व्याख्यान असतं, कोणाचा सत्कार असतो. लोक लवकर येतात, वेळ असतो म्हणून कलादालनात शिरतात. कोणाला चित्रातलं कळतं असं नाही, पण प्रत्येकाला बोलायचं असतं. पेठेतले एक आजोबा रोज यायचे आणि माझ्या रंकाळा तळ्यातल्या संध्यामठाच्या चित्रापुढे उभे राहून म्हणायचे, 'रंकाळ्याला पाणी एवढं लांब नव्हतं आमच्या वेळी.' एका पैलवान पोराने विचारलं, हे ओलं असताना करता की वाळल्यावर? हा जलरंगातला सगळ्यात बरोबर प्रश्न आहे. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यांनी एक छोटं चित्र घेतलं, ३,५०० ला, तीन हप्त्यांत. तिसरा हप्ता गुळाच्या दोन रव्यांसकट, म्हणजे ढेपांसकट, आला. माझी आजवरची एकमेव विक्री ती.

आमच्या गावाला चित्र बघायची सवय आहे, ती कुठल्या गॅलरीमुळे लागलेली नाही. बाबूराव पेंटरांचं आडनाव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता पेंटर हेच आडनाव झालं, पुढे सिनेमा केला तेव्हाही तेच राहिलं. जी. कांबळे सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. शिवाजी महाराजांचं राज्य सरकारने अधिकृत म्हणून स्वीकारलेलं चित्र त्यांच्याच हातचं. चंद्रकांत मांडरे म्हटलं की लोकांना पडद्यावरचा नट आठवतो, पण राजारामपुरीत त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन पावडर शेडिंगची कामं बघा. ब्रश नाही, पाणी नाही, नुसती भुकटी कागदावर घासून केलेला निसर्ग. आणि आबालाल रहिमान. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. मुंबईच्या जे.जे.त शिकून आलेला माणूस, मनात आणलं असतं तर तिकडेच नाव काढता आलं असतं, पण इथल्या तळ्याकाठी राहून उन्हाचे तुकडे रंगवत बसला. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडली, असं इथे सांगतात. खरं-खोटं देव जाणे. मी मात्र माझ्या वर्गाला ही गोष्ट सांगते आणि दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं, 'बाई, मग ती चित्रं वर आली नाहीत का?'

त्याच टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. झाडांखाली चित्रकार, शिल्पकार बसून लोकांसमोर काम करतात, बाजूला गाणं चालू असतं. रविवार सकाळ म्हणून लोक पोरांना घेऊन येतात. मी विद्यार्थिनी असताना तिथे मागे उभी राहून एका ज्येष्ठ चित्रकारांचा हात बघत होते. त्यांनी आकाश केलं, तीन मिनिटांत, आणि मग पुढे अर्धा तास त्याला हात लावला नाही. कोरं सोडायचं ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तिकीट शून्य. ट्रॉफी नाही.

परतीचं सांगायचं राहिलं. प्रदर्शन रविवारी संध्याकाळी सहाला संपलं की दोन तासांत चित्रं उचलायची, नाहीतर दिवसाला २०० रुपये ठेवणावळ. हे अटींमध्ये अगदी शेवटी बारीक अक्षरात होतं. मला सोमवारी शाळा. आत्याचा मुलगा धावत गेला, दोन्ही चित्रं उचलली, टॅक्सीने डोंबिवलीची लोकल गाठली. घरी उघडून बघतो तर एका फ्रेमचा कोपरा टवका उडालेला. फोन केला. म्हणाले, 'सर, पॅकिंग तुमचं होतं.' टांगताना पॅकिंग त्यांनीच काढलं होतं, परत घालताना कोणी घातलं मला माहीत नाही. पुढे तो फोन उचलला गेला नाही. लक्ष्मीपुरीतल्या काकांनी मेण आणि रंग लावून कोपरा फुकट नीट केला. 'राष्ट्रीय लागलंय जरा,' एवढंच म्हणाले.

एकूण हिशेब : सहभाग १२,९८०, प्रवेश शुल्क ५००, फ्रेमा ५,२००, रेल्वे दोघांची जाऊन-येऊन २,४००, टॅक्सी वगैरे ७००, कॅटलॉगची जादा प्रत ४००. बेरीज २२,१८०. आईने तेवढ्यात टीव्ही आला असता असं एकदाच म्हटलं आणि मग तिनेच शेजारच्या काकूंना कॅटलॉग दाखवला. त्यात माझं चित्र ३४ व्या पानावर आहे, वर 'काही उतरवताना', खाली श्री. हेडमास्तरांनी शाळेच्या फळ्यावर अभिनंदन लिहिलं, 'श्री.' वगळून. खोटं कशाला बोलू, मी त्या फळ्याचा फोटो काढून ठेवलाय.

गुण द्यायचे तर पाचपैकी एक. अर्धा दिव्यांचा, अर्धा अमरावतीच्या काकांच्या चेहऱ्याचा. ज्याच्याकडे पैसे आहेत, मुंबई बघायची आहे आणि घरच्यांना फोटो दाखवायचाय, त्याने खुशाल जावं. पण कर्ज काढून, नाहीतर पहिल्या पगारातून भरणार असाल तर थांबा. तेवढ्या पैशात चौघं मिळून गावात दालन घेतील, आणि उरलेल्यात पुढच्या वर्षीचा कागद येईल. तीनशे जीएसएमचा चांगला जाड कागद आता काय भावाने मिळतो ते मी इथे लिहीत नाही, वाचून कोणी जलरंग सोडेल.

परवा त्याच आयोजकांचा मेसेज आला. 'आदरणीय सर, आमच्या जुन्या कलाकारांसाठी २० टक्के सवलत.' या खेपेला विदेशात आहे म्हणे, चित्र नेण्याचीही गरज नाही, स्क्रीनवर दाखवणार. मी उत्तर दिलं नाही. राज्य कला प्रदर्शनासाठी नवीन चित्र करत बसले होते, तीच काहील, पण या वेळी चुलवाणाच्या तोंडाशी वाकून जाळ ओढून काढणारा माणूस घेतला, आणि केशरी जवळजवळ सगळा काढून टाकला. झालं तसा फोटो शाहूवाडीच्या त्या वॉचमन मामांना पाठवला, नंबर घेऊन ठेवला होता. रात्री त्यांचं उत्तर आलं : 'आता जाळ बरोबर हाय.' आणि थोड्या वेळाने खाली आणखी एक ओळ : 'पन चिपाड वलं दिसतंय.'